दोन फेजवरची मोटर

सप्टेंबर उजाडला की अभियांत्रिकी महाविद्यालयांत दुसऱ्या वर्षाच्या वर्गात, मागच्या बाकांवर काही नवे चेहरे दिसू लागतात. बाकीचा वर्ग तोवर वर्षभराचा जुना झालेला असतो. जर्नल कोणाचं उतरवायचं, हजेरीला कोणते सर कडक, ओरलला कोण काय विचारतं, हे सगळं त्यांना पाठ. नवी आलेली मुलं पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला बसलेली असतात. प्रवेशाच्या फेऱ्या लांबत जातात. मग कागदपत्रांची तपासणी, मग हॉस्टेल नाहीतर कॉट बेसिसवरची खोली. हे उरकून ती वर्गात पोचतात तेव्हा सत्राचा बराच भाग शिकवून झालेला असतो आणि पहिली चाचणी तोंडावर आलेली असते. वर्गाला त्यांची नावं कळायला वेळ लागतो. तोपर्यंत सगळ्यांना मिळून एकच नाव, डिप्लोमावाले.

आज सकाळी या मुलांच्या थकव्याविषयी थोडं बोलावंसं वाटतं.

त्यांच्यातली काही तर आणखी लांबचा रस्ता चालून आलेली असतात. दहावीनंतर आयटीआय, दोन वर्षं फिटर किंवा इलेक्ट्रिशियन. तिथून डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, आणि डिप्लोमा झाल्यावर पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. वडील एमआयडीसीत कंत्राटावर, नाहीतर एसटीच्या वर्कशॉपमध्ये, नाहीतर कोरडवाहू चार एकरांत. दहावीला सगळ्यांनी सांगितलेलं असतं की पोराच्या हाताला लवकर काम मिळेल, ते शिकू दे. ते खोटं नसतं. काम मिळतं. पण शॉप फ्लोअरवर वर्ष-दोन वर्षं काढली की दिसतं, आपण शिकवलेला पदवीधर ट्रेनी आपल्या डोळ्यांदेखत वर जातो आणि आपण मशीनपाशीच राहतो. मग मुलगा पुन्हा वही उघडतो. मुलगीसुद्धा. मेकॅनिकलच्या डिप्लोमाला वर्गात दोन-तीनच मुली असतात, आणि तिथून पुढे पदवीला येणाऱ्या मुलीने घरी किती वेळा तेच तेच समजावलेलं असतं, ते तिलाच ठाऊक.

हा दरवाजा आहे हे चांगलंच आहे. माझं म्हणणं दरवाज्याच्या आतल्या बाजूविषयी आहे.

आत शिरल्याबरोबर भेटतं ते गणित. बारावीवाल्यांनी पहिल्या वर्षी एम-वन, एम-टू केलेलं असतं. आंशिक विकलन, दुहेरी संकलन, फूरिए मालिका यांच्याशी त्यांची ओळख झालेली असते, आवड असो वा नसो. डिप्लोमावाल्याचं गणित मुख्यतः पहिल्या वर्षात आटोपलेलं. पुढची दोन वर्षं तो यंत्रांमध्ये, वायरिंगमध्ये, ड्रॉइंगमध्ये होता. त्याला आल्या आल्या एम-थ्री समोर येतं, लाप्लास ट्रान्सफॉर्मपासून. मधल्या दोन पायऱ्या त्याने स्वतःच रात्री, यूट्यूबवर, हळू आवाजात चढायच्या, आणि दिवसा वर्गात अशा चेहऱ्याने बसायचं की त्या चढून झाल्या आहेत. माझ्या मते थकवा इथून सुरू होतो. अभ्यास जड असतोच, त्याला कोणी फार घाबरत नाही. येत नाही हे लपवत अभ्यास करणं मात्र दुप्पट जड जातं.

बर्नआउट हा शब्द आता आपल्याकडेही सर्रास ऐकू येतो. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या न्यूयॉर्कच्या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये त्यावर लिहिलं, ते मोफत दवाखान्यात राबणाऱ्या कार्यकर्त्यांना पाहून. त्याचं एक निरीक्षण आजही लक्षात ठेवण्यासारखं आहे. जे जीव ओतून काम करतात तेच आधी विझतात. अंग राखून काम करणाऱ्याला सहसा ही बाधा होत नाही. पुढे क्रिस्टिना मास्लाख यांनी या अवस्थेच्या तीन बाजू मांडल्या. एक, न संपणारा शीण. दुसरी, कामाविषयी तुटलेपण, काय फरक पडतो असा कडवटपणा. तिसरी, आपल्याच्याने काही होत नाही ही भावना. २००२ मध्ये विल्मार शाउफेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच तीन बाजूंची मोजपट्टी विद्यार्थ्यांसाठी बेतली. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र २०१९ मध्ये या अवस्थेची नोंद घेताना ती नोकरी-धंद्यातल्या ताणापुरतीच ठेवली, आणि तिला आजार म्हटलं नाही. विद्यार्थी या व्याख्येत बसत नाही. दिवसाचे चौदा तास राबणारा विद्यार्थीसुद्धा.

या तिन्हींतली शेवटची बाजू हातकामातून आलेल्या मुलाला सगळ्यात आधी गाठते असं मला वाटतं. त्याला कारण आहे. आपल्याच्याने होतं, हे त्याने पूर्वी अनुभवलेलं असतं.

आयटीआयमध्ये फिटरच्या पोराला सुरुवातीचे दिवस एकच काम असतं. लोखंडी पट्टीचा तुकडा बेंच व्हाइसमध्ये धरायचा आणि कानशीने सपाट करत राहायचा. मग ट्राय स्क्वेअर लावून उजेडासमोर धरायचा. फटीतून उजेड दिसला की जॉब चुकला. कुठे चुकला तेही दिसतं, डाव्या कोपऱ्यात की मध्ये. निदेशक काही बोलला नाही तरी चालतं. पुन्हा घासायचं, पुन्हा धरायचं. पुढे व्हर्निअर आला, मायक्रोमीटर आला, मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजता येऊ लागला. पण पद्धत तीच. चूक जॉबमध्ये असते, ती दिसते, आणि संध्याकाळपर्यंत सुधारते. सोळा-सतरा वर्षांच्या पोराला यातून एक खात्री मिळते. आपण केलेलं नीट आहे की नाही, हे त्याचं त्याला कळतं.

विद्यापीठात ही खात्रीच हिरावली जाते. तिथे पेपर लिहून झाल्यावर कितीतरी आठवड्यांनी पडद्यावर एक आकडा येतो. चौतीस. कुठे चुकलं ते त्या आकड्यात नसतं. पद्धत चुकली, चिन्ह चुकलं, की उत्तराच्या मांडणीत तपासनिसाला हवी ती वाक्यं नव्हती? उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवता येते, पण पैसे भरायचे, अर्ज करायचा, तोवर पुढचं सत्र अर्धं सरलेलं. मग केटी, म्हणजे राहिलेले विषय. एक, दोन, कधी चार. चूक आता जॉबमध्ये राहत नाही, माणसात येऊन बसते. मोटर दुरुस्त करून गावात नाव कमावलेला मुलगा विशीत स्वतःला मठ्ठ म्हणू लागतो, आणि त्याचं तेच खरं धरून आपण त्याला जास्त मेहनत करायला सांगतो.

प्रयोगशाळेत तर याची गंमतच होते. चौघांची बॅच. टेबलावर मोटर, स्टार्टर, मीटर, वायरींचा गुंता. जोडणी कोण करतं? डिप्लोमावाला. बाकीचे तिघे त्याच्या हाताकडे बघत उभे, कारण त्यांनी स्टार-डेल्टा स्टार्टर चित्रातच पाहिलेला. रीडिंग चौघांचं एकच. मग व्हायवा. सर विचारतात ते सूत्र कसं आलं ते, आणि त्यातही इंग्रजीत. सूत्र बारावीवाल्याला येतं. गुण त्याला. मी त्या बारावीवाल्याला दोष देत नाही, त्यानेही रात्र जागवलेली असते. पण त्या टेबलावर दोन प्रकारचं ज्ञान हजर होतं आणि गुणपत्रिकेत रकाना एकाचाच होता, हे जोडणी करणाऱ्या पोराच्या ध्यानात आल्यावाचून राहत नाही.

आता या मोटरपाशी जरा थांबू या, कारण गोष्ट इथेच आहे.

शेतावर थ्री फेजची मोटर असते. लाइन आली, बटण दाबलं, आणि मोटर फिरण्याऐवजी नुसतीच गुणगुणत राहिली, तर घरातलं शेंबडं पोरही ओरडतं, बंद कर, एक फेज गेलाय. इलेक्ट्रिकल शिकलेला मुलगा हा आवाज लहानपणापासून ओळखतो. पदवीच्या पुस्तकात यावर एक अख्खं प्रकरण असतं. एक फेज गेला की उरतो तो सिंगल फेजसारखाच पुरवठा, आणि त्यावर तयार होणारं चुंबकीय क्षेत्र फिरत नाही, जागच्या जागी वाढतं आणि घटतं. गणिताने त्याचे दोन सारखे भाग पाडता येतात, एक उजवीकडे फिरणारा, एक डावीकडे. उभ्या मोटरवर दोघांची ओढ सारखीच, म्हणून ती कोणत्याच बाजूला निघत नाही. आणि ती गुणगुण? पन्नास हर्ट्झचा पुरवठा, त्यामुळे लोखंड सेकंदाला १०० वेळा थरथरतं, त्याचा तो आवाज. एवढंच आहे ते. पण प्रकरणाची सुरुवात होते कोसाइनच्या समीकरणाने, आणि आवाज शेवटपर्यंत येतच नाही. मुलगा समीकरण उतरवून घेतो, पाठ करतो, विसरतो. आपण हे ऐकलेलं आहे, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. शिक्षकाने तासाच्या सुरुवातीला एवढंच विचारलं असतं, की एक फेज गेल्यावर मोटर कशी वाजते, तर मागच्या बाकावरून त्या सत्रातलं पहिलं उत्तर आलं असतं. पुढचं गणित काही सोपं झालं नसतं. पण ते त्याच्या ओळखीच्या गोष्टीचं झालं असतं.

चालत्या मोटरचा फेज गेला तर मात्र वेगळं घडतं, आणि ते जास्त वाईट. ती थांबत नाही. उरलेल्या दोन फेजवर फिरत राहते, पाणीही उपसते. लांबून बघणाऱ्याला काहीच कळत नाही. पण तेवढाच भार ओढायला ती सुमारे पावणेदोन पट करंट खेचू लागते, आणि तापत जाते. काही वेळाने जळाल्याचा वास येतो. वाइंडिंगवाला ती उघडतो तेव्हा स्टार जोडणी असेल तर दोन फेजची कॉइलं काळी पडलेली आणि तिसरीची नवी कोरी. न विचारता तो सांगतो, सिंगल फेजिंग झालंय.

थकलेला विद्यार्थी मला असाच दिसतो. तो सबमिशन देतो, हजेरी लावतो, घरी फोनवर सगळं ठीक आहे म्हणतो. ज्या गोष्टीत त्याला गती होती, जिच्या बळावर तो इथवर आला, ती हातातली विद्या या इमारतीत कामाला येत नाही. तेवढा एक फेज तुटलेला. उरलेल्या दोहोंवर, पाठांतरावर आणि जागरणावर, तो ओढतो आहे. अशा मोटरला आणखी जोर लाव म्हणणारा शेतकरी मी पाहिलेला नाही.

भाषेचं थोडक्यात सांगतो. डिप्लोमाच्या वर्गात शिकवणं बहुतेक मिश्र चालतं, व्याख्या इंग्रजीत आणि समजावणं मराठीत, आणि तंत्रशिक्षण मंडळाने अलीकडे मराठी-इंग्रजी अशा द्विभाषिक अभ्यासाची मुभाही दिली आहे. पदवीला ती ऊब संपते. पीपीटी, सेमिनार, ग्रुप डिस्कशन. याविषयी पुष्कळ लिहिलं गेलं आहे, आणि माझा अनुभव असा की गणिताच्या मानाने हे दुखणं लवकर बरं होतं. वर्षभरात मुलं बोलू लागतात, मोडकं का होईना. हसणारे थांबले तर त्याहूनही लवकर.

वेळेचं दुखणं मात्र खोल आहे. यातली कितीतरी मुलं नोकरी सोडून आलेली असतात किंवा सोडता न आल्याने अर्धवट धरून असतात. कोणी रात्रपाळी करून सकाळच्या प्रॅक्टिकलला, कोणी शनिवार-रविवार इलेक्ट्रिशियनची कामं घेतं, कोणी संध्याकाळी डिलिव्हरीची बॅग पाठीला लावतं. १९४८ चा कारखाना कायदा झाला तेव्हा त्यात प्रौढ कामगारासाठी आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती. अप्रेंटिस म्हणून काम केलेल्या पोराला ही शिस्त माहीत असते. भोंगा झाला की मशीन बंद, हात धुवायचे, डबा. विद्यार्थ्याच्या दिवसाला भोंगा नाही. असाइनमेंट रात्री अकरा एकोणसाठपर्यंत चढवायची असते, आणि त्या वेळेपर्यंत जागं राहणं हीच निष्ठेची खूण मानली जाते. कारखान्यात माणूस दमतो हे कायद्यात लिहिलेलं आहे. विद्यापीठात त्याला वेळेचं नियोजन जमत नाही असं म्हणतात.

अशा मुलांसाठी महाविद्यालयं मग प्रेरणादायी व्याख्यान ठेवतात. पाहुणे कुठल्या तरी मोठ्या कारखानदाराची गोष्ट सांगतात, पदवी नव्हती तरी साम्राज्य उभारलं वगैरे. टाळ्या पडतात. खोलीवर परतताना त्या गोष्टीचं ओझं आणखी एक किलोने वाढलेलं असतं, कारण आता न जमण्याला काही सबबही उरली नाही. त्या तासाभरात एम-वनची दोन उदाहरणं कोणी फळ्यावर सोडवून दाखवली असती तर मी स्वतः टाळ्या वाजवल्या असत्या.

हाताची विद्या आणि डोक्याची विद्या एकत्र नांदवण्याचे प्रयोग आपल्याच मातीत झाले आहेत. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली. टकळीवर सूत काततानाच गणित शिकावं हा तिचा गाभा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेत कमवा आणि शिका ही योजना रुजवली, तिथे श्रम करून शिकणारा मुलगा खाली मान घालत नव्हता. पुणे जिल्ह्यात पाबळला १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबागांनी विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेतून पीएच.डी. करून आलेला, मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागात काम केलेला हा माणूस शाळा सुटलेल्या मुलांना वेल्डिंग आणि बांधकाम शिकवायला दुष्काळी गावात जाऊन बसला. मुलं हाताने करता करता शिकतात, ही त्यांची खात्री होती. आपण या सगळ्यांचे पुतळे किंवा तसबिरी केल्या, आणि अभ्यासक्रम बनवताना पूर्वीच्याच वाटेने गेलो. आधी सूत्र, मग वस्तू, वेळ उरला तर.

माझं हे बोलणं ऐकून कोणी म्हणेल, मग गणित सोडून द्यायचं काय? मुळीच नाही. गणिताशिवाय इंजिनियर होता येत नाही आणि होऊही नये. पहिल्या चार आठवड्यांत राहिलेलं गणित उघडपणे, वेळापत्रकात तास लावून शिकवा, एवढंच मागणं आहे. कोपऱ्यात, सुट्टीच्या दिवशी, कमकुवत विद्यार्थ्यांचा वर्ग अशी पाटी लावून नको. आणि ज्याची झोप उडाली आहे, जेवण सुटलं आहे, जगण्याविषयीच जो उदास बोलतो आहे, त्याच्यासाठी गणिताचा तास पुरणार नाही. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. हा नंबर हॉस्टेलच्या भिंतीवर असावा, अभ्यासिकेत असावा, आणि आईवडिलांच्या फोनमध्येही असावा.

मायकेल फॅरडेचं नाव या मुलांना माहीत असतं, कारण मोटर, जनित्र, ट्रान्सफॉर्मर यांची मुळं त्याच्या प्रयोगांत आहेत. लोहाराचा मुलगा, चौदाव्या वर्षी बुकबाइंडरकडे उमेदवारीला लागलेला. गणित त्याला जन्मभर आलं नाही. चुंबकाभोवतीच्या रेषा तो डोळ्यांनी बघितल्यासारख्या मांडत असे. जेम्स क्लार्क मॅक्सवेल गणितात पारंगत होता, पण विजेचा अभ्यास सुरू करताना त्याने ठरवलं होतं की आधी फॅरडेची प्रयोगांची टिपणं पुरी वाचायची, तोवर या विषयावरचं गणित हाती घ्यायचं नाही. हे त्याने स्वतःच १८७३ च्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलं आहे. आपल्या वर्गांत क्रम नेमका उलटा.

पण मला फॅरडेची आठवण झाली ती त्याच्या मोठेपणामुळे नव्हे, पाहुण्यांच्या व्याख्यानासाठी ते राहू दे. १८४० च्या सुमारास, वर्षानुवर्षं ढोर मेहनत केल्यावर, तो मोडून पडला. डोकं गरगरायचं, विस्मरण होऊ लागलं, काम हातात धरवेना. रॉयल इन्स्टिट्यूशनने त्याला व्याख्यानांतून मोकळं केलं, जागा मात्र त्याचीच ठेवली. १८४१ मध्ये तो पत्नीसह स्वित्झर्लंडला गेला आणि डोंगरांतून मैलोन्‌मैल चालत राहिला. पूर्ववत व्हायला त्याला काही वर्षं लागली. १८४५ मध्ये चुंबकाचा प्रकाशावर परिणाम होतो हे त्याने दाखवलं.

आपल्याकडे हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली की नाव डिफॉल्टरच्या यादीत लागतं, आणि ती यादी नोटीस बोर्डावर लावताना आजवर कोणी विचारलेलं नाही की पोरगा खोलीवर पडून होता तो का.